इथे प्रॉक्सी चालत नाही

'हजेरी' या एका शब्दाने आपल्या कॉलेजात जितक्यांची झोप उडवली असेल, तितक्यांची एम-थ्रीनेही उडवली नसेल. ७५ टक्के, डिफॉल्टर लिस्ट, घरी जाणारं पत्र, एचओडी सरांच्या केबिनबाहेरची रांग, सगळं आपल्याला तोंडपाठ. त्यावरचे इलाजही तोंडपाठ. मागच्या बाकावरून आवाज बदलून 'येस सर' म्हणणारे कलावंत प्रत्येक वर्गात दोन-चार तरी आहेतच.

अशा या कॉलेजातल्या समाजसेवा मंडळाने आपली सगळी बैठक लहान मुलांच्या शाळेतल्या हजेरीवर घालवली, ही बातमी होस्टेलवर अर्थातच विनोद म्हणून पसरली. "चोरांनी चौकीदारीवर परिसंवाद घेतला म्हणे!" असं मेसच्या रांगेत मला एकीने ऐकवलं. विनोद फक्कड आहे, मीही हसले. पण हसून झाल्यावर वाटलं, खरा मुद्दा या विनोदातच आहे. वहीतली हजेरी आणि वर्गातली हजेरी यांत किती अंतर असतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत? मग या विषयावर बोलायचा अधिकार आपल्यालाच जास्त, नाही का?

बैठकीला जे नव्हते (म्हणजे बहुतेक सगळेच), त्यांच्यासाठी थोडक्यात वृत्तान्त देते.

विषय होता यंदाचा उपक्रम. कॅम्पसच्या मागच्या बाजूला नव्या होस्टेलचं बांधकाम चालू आहे. तिथे पत्र्याच्या खोल्यांत कामगारांची कुटुंबं राहतात. शाळेच्या वयाची वीसेक मुलं तिथे दिवसभर दिसतात. कधी वाळूच्या ढिगावर, कधी पाण्याच्या टाकीपाशी, तर कधी आपल्या मॅचमध्ये लांब गेलेला बॉल आणून देताना. प्रस्ताव असा होता, की या मुलांना दप्तरं वाटायची. एक बॅनर, प्राचार्यांच्या हस्ते वाटप, ग्रुप फोटो आणि वार्षिक अहवालात अर्धं पान. सगळे 'मंजूर' म्हणून चहाकडे वळणार, एवढ्यात फर्स्ट इयरचा एक मुलगा उभा राहिला. बीडकडचा. आईवडील ऊसतोडीला जाणारे. तो म्हणाला, "दप्तर माझ्याकडं पण होतं. कारखान्यावर जाताना आई त्यात भाकरी बांधायची."

चहा तसाच राहिला.

ज्यांना ऊसतोडीचं गणित ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे कुटुंबंच्या कुटुंबं साखर कारखान्यांच्या भागात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' होतो, आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम फडाजवळच्या कोप्यांत. शाळेचं वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होतं. म्हणजे पोराचं पहिलं सत्र गावात आणि दुसरं सत्र उसात. याच अडचणीतून आधी साखरशाळा निघाल्या, आणि नंतर गावातच हंगामी वसतिगृहं सुरू झाली. आईबाप गेले तरी मूल आजी-आजोबांकडे राहील, त्याच्या जेवणाची सोय होईल आणि शाळा सुटणार नाही, अशी ती कल्पना.

आपला हा मित्र त्या सोयीवर, आजीजवळ राहून, शाळा शिकला. त्याला कुणी दप्तर दिलं म्हणून तो इंजिनिअरिंगपर्यंत आलेला नाही. जानेवारीच्या सकाळी शाळेत जाताना त्याच्या पोटात काय असेल, हा प्रश्न कुणीतरी सोडवला, म्हणून आला.

बैठकीत निर्णय झाला नाही. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. (ही आपल्या मंडळाची जुनी परंपरा आहे, असो.) हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा ती बैठक जवळ आली असेल. म्हणून माझं मत आधीच मांडून ठेवते. यंदा आपल्या मंडळाने वाटप बंद करावं आणि हजेरी धरावी. मुलांची, आणि त्याआधी आपली.

नाव घालणं वेगळं आणि रोज शाळेत येणं वेगळं, हा शोध काही आपल्याला लागलेला नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. १९९२ साली महाराष्ट्र सरकारने उलट्या बाजूने प्रयत्न केला. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. मुलगी शाळेत आली, की त्या दिवसाचा एक रुपया. एकदा रुपया घ्यायचा, एकदा रुपया द्यायचा, हेतू एकच!

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्र सरकारने शाळेतल्या पोषण आहाराची योजना सुरू केली. जिथे अन्न शिजवून दिलं जात नव्हतं, तिथे ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो धान्य मिळायचं. पुढे २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की धान्य नको, मुलांना शाळेतच शिजवलेलं अन्न द्या. फरक लक्षात घ्या. धान्य घरी नेता येतं, गरम खिचडीसाठी मात्र त्या दिवशी त्या वेळी शाळेत असावंच लागतं. खिचडीला प्रॉक्सी नाही.

प्रॉक्सी शाळांमध्येही होतीच बरं का! २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. पटावर नावं भरपूर आणि वर्गात मुलं कमी, असे प्रकार त्यातून मोठ्या संख्येने बाहेर आले. त्यामुळे 'आमच्या परिसरातली सगळी मुलं शाळेत दाखल आहेत' असं कुणी सांगितलं, तर आपण लगेच टाळ्या वाजवू नयेत. दाखल आहेत, ठीक. पण आज वर्गात किती आहेत?

आता आपल्या साइटकडे येऊ. बैठकीनंतर आम्ही चार-पाच जणी दोन रविवार तिथे जाऊन आलो. वह्या-पेन्सिली काही नेलं नाही. नुसत्या बसलो, बोललो. 'मुलं शाळेत का जात नाहीत?' या प्रश्नाला आपण होस्टेलवर बसून जी उत्तरं देतो (आईवडिलांना महत्त्व कळत नाही, मुलांना आवड नाही), त्यांतलं एकही उत्तर तिथे मिळालं नाही. जी मिळाली ती अगदी साधी होती.

एक मुलगी दहा-अकरा वर्षांची. कडेवर भाऊ. आई सेंट्रिंगच्या गँगबरोबर दिवसभर कामावर. भावाला सोडून ही शाळेत कशी जाणार? तिला पाढे येतात, शाळा आवडते, पण तिची ड्युटी सकाळी आठला सुरू होते. दुसऱ्या एका मुलाचा दाखला गावच्या शाळेत आहे आणि गाव रात्रभराच्या एसटीच्या अंतरावर. आणायचा तर दोन दिवसांची मजुरी बुडते, वर तिकीट. तिसऱ्या घरची दोन मुलं घरात कानडी बोलतात, मराठी शाळेत चार दिवस गेली, काही कळेना, पाचव्या दिवशी थांबली. आणि जवळजवळ प्रत्येक आईने सांगितलेली गोष्ट म्हणजे हायवे. शाळा तशी लांब नाही, पण मध्ये चौपदरी रस्ता आहे. "आमी कामावर, पोरास्नी रस्ता कोन वलांडून देनार?"

मी सिव्हिलची. साइट ले-आउट कसा करायचा, हे आम्हाला शिकवतात. सिमेंटचं गोडाऊन कोरड्या जागी, स्टील कटिंगची जागा रस्त्याजवळ, वॉचमनची केबिन गेटपाशी. त्या ले-आउटमध्ये मुलांसाठी एक खोली दाखवल्याचं मी अजून एकाही ड्रॉइंगवर पाहिलेलं नाही. वास्तविक १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातच तरतूद होती, की जिथे ५० हून जास्त स्त्रिया कामाला असतील, तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. पण काम तुकड्यातुकड्याने वेगवेगळ्या ठेकेदारांकडे जातं. एकाकडे आठ बायका, दुसऱ्याकडे बारा. पन्नासचा आकडा कुणाच्याच मस्टरवर भरत नाही. मग धाकट्यासाठी पाळणाघर नाही, म्हणून थोरलीला शाळा नाही. कायदा सहा वर्षांच्या आतल्यांसाठी, आणि त्याच्या अभावाची किंमत देते दहा वर्षांची.

कागदांच्या बाबतीत मात्र कायदा मुलांच्या बाजूने आहे, आणि हे आपल्याला ठाऊक असायला हवं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे. कलम ४ प्रमाणे कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागे राहिलेला अभ्यास भरून द्यायचा. कलम ५ म्हणतं, दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. आणि आधार कार्ड नाही म्हणून मुलाचा शाळाप्रवेश रोखता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. म्हणजे ज्या दाखल्यासाठी तो बाप दोन दिवसांची मजुरी बुडवणार होता, तो नसतानाही त्याच्या मुलाला उद्या वर्गात बसता येतं. फक्त हे त्याला सांगायला आणि मुख्याध्यापकांकडे त्याच्याबरोबर जायला कुणीतरी हवं.

यातला कायद्याच्या पकडीत न येणारा भाग म्हणजे रोजचा खाडा. आपल्या राज्यात सलग महिनाभर गैरहजर असलेलं मूल 'शाळाबाह्य' धरलं जातं. आता जे मूल सोमवारी येतं, मंगळवारी नाही, बुधवार-गुरुवार येतं आणि बाजाराच्या दिवशी पुन्हा नाही, ते कुठल्या यादीत? कुठल्याच नाही. ते पटावर आहे, ते शाळाबाह्य नाही, आणि ते शिकतही नाही.

जरा हिशोब करू. तेवढं तर आपल्याला येतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस ठरवलेले आहेत. पाच दिवसांत एक खाडा धरला, तर वर्षाला ४० दिवस. पहिली ते पाचवी मिळून पाच वर्षांत २०० दिवस. म्हणजे कागदावर पाचवी पास झालेल्या मुलाची एक अख्खी इयत्ता मधल्या मध्ये गायब! शिवाय हे खाडे सलग नसल्याने प्रत्येक धड्याला कुठे ना कुठे भोक. वजाबाकी शिकवली त्या दिवशी ती भावाला सांभाळत होती, हातच्याची वजाबाकी शिकवली तेव्हा आली. एक लेक्चर चुकलं, की पुढची तीन डोक्यावरून जातात, हा अनुभव नसलेला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मला दाखवा. आपल्याकडे निदान झेरॉक्सवाल्याकडे कुणाच्या तरी नोट्स मिळतात. तिला कुठल्या मिळणार?

मग मंडळाने करायचं काय? माझे प्रस्ताव चारच आहेत, आणि त्यांतल्या एकालाही बॅनर लागत नाही.

पहिला, रस्ता. शाळा सकाळी साडेनऊला भरते, आपलं पहिलं लेक्चर सव्वादहाला. नऊ वाजता साइटच्या गेटपाशी सगळ्या मुलांना गोळा करायचं आणि दिंडीसारखं रांगेने शाळेपर्यंत पोचवायचं. संध्याकाळी ज्यांची प्रॅक्टिकल्स नसतील त्यांनी आणायचं. दर वेळी दोघं जण. एकट्याने कधीच नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठीही आणि आपल्यासाठीही. आठवड्याचे सहा दिवस, सकाळी दोघं, संध्याकाळी दोघं, म्हणजे २४ पाळ्या. मंडळाच्या वहीत ४० नावं आहेत. म्हणजे प्रत्येकाची पाळी साधारण बारा दिवसांनी एकदा, तीही तासाभराची. बारा दिवसांत तासभर! आपण तेवढा वेळ तर 'मेसला जायचं की बाहेर खायचं' यावर चर्चेत घालवतो.

दुसरा, एक वही. त्यात प्रत्येक मुलाचं नाव आणि रोजची खूण. आलं नाही तर कारण, त्याच संध्याकाळी घरी जाऊन विचारलेलं. ताप, पाहुणे, भाऊ, बाजार, मार, जे असेल ते. महिनाभराने ती वही उघडली की आपोआप कळेल, कुठल्या कारणाला किती दिवस गेले. आपण ज्याला 'रूट कॉज' म्हणून सेमिनारमध्ये स्लाइड दाखवतो, ते या वहीत फुकट मिळेल. ही वही शाळेच्या हजेरीशी महिन्याला ताडून पाहायची. ती नोटिस बोर्डावर लावायची नाही आणि मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे नाहीत. आपल्या डिफॉल्टर लिस्टवर नाव आलं की आपल्याला कसं वाटतं, ते आठवा.

तिसरा, कागद. गावचा दाखला मागवणं, स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शाळा देते ते शिक्षण हमी कार्ड, बांधकाम कामगारांची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी, ही सगळी कामं फॉर्म भरण्याची आहेत, आणि फॉर्म भरण्यात आपला हात कुणी धरणार नाही. त्या कल्याणकारी मंडळाच्या योजनेत पहिली ते सातवीच्या मुलांसाठी वर्षाला २५०० रुपयांचं साहाय्य ठेवलं गेलं, आणि अट कुठली, तर ७५ टक्के हजेरीची! आपला लाडका आकडा तिथेही आहेच. अर्ज करण्याआधी चालू नियम बघून घ्यावे लागतील, पण कामगाराची नोंदणीच नसेल तर पुढचं काहीच होत नाही. सुरुवात तिथून.

चौथा, धाकटी भावंडं. हा प्रस्ताव आपल्या एकट्याच्या हातात नाही, म्हणून इथे मला स्टाफशी आणि ऑफिसशी बोलायचं आहे. सर, मॅडम, या साइटवर ठेकेदार कितीही असले तरी मालक एकच आहे, तो म्हणजे आपलं कॉलेज. ठेकेदाराला सिमेंटसाठी गोडाऊन बांधायला आपण सांगतो, मग मुलांसाठी एक पंखा असलेली, सावलीची खोली आणि सांभाळायला साइटवरचीच एक बाई, एवढं सांगता येणार नाही का? पुढच्या टेंडरमध्ये ती अट म्हणून घालता येईल. हे स्वप्नरंजन नाही. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ साली बांधकामावरच्या बाळांसाठी 'मोबाइल क्रेशेस'चं काम सुरू केलं. आपल्याकडे रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ साली मुंबईत 'डोअर स्टेप स्कूल' सुरू केलं, आणि पुढे पुण्यात बांधकामांवरच्या मुलांपर्यंत ते काम गेलं. वाट पडलेली आहे, आपल्याला फक्त चालायचं आहे.

आता तुमचे आक्षेप. बैठकीत ऐकले, मेसमध्येही ऐकले.

"हे सरकारचं काम आहे." बरोबर. शाळा सरकारची, शिक्षक सरकारचे, खिचडी सरकारची. आपण त्यातलं काहीच चालवायला निघालेलो नाही. पण साइटच्या गेटपासून शाळेच्या फाटकापर्यंतचा जो रस्ता आहे, तिथे रोज सकाळी नऊ वाजता सरकार उभं राहणार नाही. आपण तिथूनच चहा प्यायला जातो.

"सबमिशनच्या आठवड्यात कोण जाणार?" हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. सबमिशन, ओरल्स, परीक्षा, मग सुट्टी, यात आपण गायब होतो. म्हणूनच पाळ्यांचं कॅलेंडर युनिव्हर्सिटीचं टाइमटेबल लागलं की लगेच बनवायचं. चारही वर्षांच्या परीक्षा एकाच दिवशी नसतात. ज्यांची नाही त्यांनी त्या दिवसांची पाळी घ्यायची. सुट्टीत स्टाफ क्वार्टर्समधल्या काही मॅडमनी 'आम्ही बघू' असं आधीच म्हटलं आहे. आणि ज्या दिवशी जमणार नसेल, त्या दिवशी आदल्या रात्री सांगून बदली माणूस द्यायचा. न सांगता दांडी मारली तर मुलं नऊ वाजता दप्तर घेऊन गेटवर उभी राहतील आणि साडेनऊला परत वाळूत खेळायला जातील. असं दोनदा झालं, की तिसऱ्यांदा उभीच राहणार नाहीत. आपण त्यांना शाळेची सवय लावायला जायचं आणि शिकवून यायचं दांडी.

"बिल्डिंग झाली की ही माणसं जाणार. मग उपयोग काय?" शेवटचा स्लॅब पडला की निम्मी कुटुंबं हलतील, हे खरं आहे. पण जाताना मुलाच्या हातात शाळेचा कागद असेल, तर पुढच्या गावात ते नव्याने 'शाळाबाह्य' होणार नाही. मध्ये एक वर्ष तुटलं नाही, एवढंही पुष्कळ असतं. आपणही चार वर्षांनी जाणारच आहोत की. म्हणून कुणी आपल्याला शिकवायचं थांबवलंय का?

"दप्तरं दिली तर निदान काहीतरी दिसतं." हो, दिसतं. दप्तरांना माझा विरोध नाही. ज्या मुलाला गरज आहे त्याला, वहीत महिनाभर खुणा झाल्यावर, गुपचूप देऊन टाकावं. पण दप्तर देऊन झालं की आपल्याला वाटतं काम झालं, आणि त्या मुलीची सकाळ तर आहे तशीच राहते. एनएसएसवाल्या मित्रांना ठाऊक आहे, की योजनेत वर्षाला १२० तास, असे दोन वर्षं, नोंदवायचे असतात, आणि सात दिवसांचं शिबिर असतं. शिबिरात आपण गावचा रस्ता झाडतो, पथनाट्य करतो, शेकोटी होते, मजा येते. ते सात दिवस असू देत. पण या कामाला एका दमात दिलेल्या सात दिवसांपेक्षा वर्षभर न चुकता दिलेला एकेक तास जास्त उपयोगी आहे, कारण शाळा एका दमात होत नाही. ती रोज होते.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. ते होस्टेल आपल्यासाठी बांधलं जातंय. पुढच्या वर्षी रूम अलॉटमेंटसाठी भांडणं होतील, हवेशीर कोपऱ्याची रूम कुणाला, बाल्कनीवाली कुणाला. त्या भिंतींचं प्लास्टर ज्या बाईने कालवून दिलं, तिची मुलगी त्या काळात शाळेत होती की नव्हती, हे आपल्याला तेव्हा माहीत असेल. 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय आता राहिलेली नाही, कारण तुम्ही हा लेख इथपर्यंत वाचलाय.

तेव्हा पुढच्या बैठकीला या. टाळ्या वाजवायला नको, भाषणं ऐकायलाही नको. टेबलावर पाळ्यांचा कोरा तक्ता ठेवलेला असेल. त्यात आपल्याला खरोखर जमेल तो एकच वार शोधा आणि तिथे नाव लिहा. मित्राचं नाव लिहू नका, मैत्रिणीचंही नाही. स्वतःचंच लिहा. गेटवर उभी असलेली पोरं आवाजावरून नाही, चेहऱ्यावरून हजेरी घेतात.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)